सात किलोंत मेकाँग

बॅकपॅकिंगचा बेत ठरला की पहिली खरेदी सॅकची होते आणि खरा घोळ तिथेच सुरू होतो. ६० लिटरची सॅक घेतली की ती गच्च भरेपर्यंत आपल्याला चैन पडत नाही. माझी ३५ लिटरची आहे. थायलंड आणि लाओसचे तीन आठवडे तिच्यात मस्त मावले, तेही सात किलोंच्या आत. हा आकडा उगाच नाही. तिकडच्या बऱ्याच स्वस्त विमान कंपन्या हातात फुकट तेवढंच नेऊ देतात.

पण सॅकची खरी परीक्षा विमानात होत नाही, होडीत होते. थायलंडची सीमा ओलांडून लाओसमधल्या हुआय सायला पोचलं की तिथून मेकाँग नदीतून लुआंग प्रबांगला संथ होडी जाते. प्रवास दोन दिवसांचा, मधली रात्र पाकबेंग नावाच्या छोट्याशा गावात. होडी लागते खाली काठाला, गाव वर. मध्ये खडी, वाळूची चढण आणि अंगातून धारा! आमच्या होडीतल्या एका जोडप्याकडे चाकांची सूटकेस होती. वाळूत चाकं काय कामाची? गावातल्या पोरांनी ती डोक्यावर घेतली, मग पैशांची घासाघीस. तोवर हलक्या सॅकवाले वर जाऊन, नदीकडे खिडकी असलेल्या खोल्या पटकावून मोकळे झाले होते.

तर माझ्या सॅकमध्ये काय होतं? चटकन सुकणारे तीन टी-शर्ट, दोन पातळ पँट, एक पूर्ण बाह्यांचा शर्ट. जीन्स अजिबात नाही. एक जीन्स पाऊण किलोच्या आसपास भरते आणि त्या दमट हवेत भिजली की दोन दिवस सुकत नाही. शॉर्ट्स एकच, कारण बँकॉकच्या ग्रँड पॅलेसमध्ये खांदे आणि गुडघे झाकल्याशिवाय आत सोडत नाहीत. पायात फ्लोटर्स. दर देवळापाशी चपला काढायच्या, तिथे बुटांच्या नाड्या कोण सोडत बसणार?

सगळ्यात कामाची वस्तू मात्र आजोबांच्या जमान्यातली निघाली: पंचा! टॉवेल तोच, उन्हात डोक्याला तोच, एसी बसमध्ये गळ्याभोवती तोच. शिवाय धुतलेला टी-शर्ट त्यात गुंडाळून पिळला की निम्मं पाणी निघून जातं.

औषधांत ओआरएसची पाकिटं हवीतच. डेंग्यूचे डास दिवसा चावतात, म्हणून ओडोमॉस सॅकच्या वरच्या कप्प्यात. आईचा चिवडा? जरूर घ्या, डबा घेऊ नका. पिशवीतला चिवडा तिसऱ्या दिवशी संपतो आणि ओझंही उतरतं. लॅपटॉप घरीच. बॉसला सांगा, जंगलात रेंज नसते.

एवढ्याशा कपड्यांत भागतं, कारण किलोवर कपडे धुऊन देणाऱ्या लाँड्र्या तिकडे गल्लोगल्ली आहेत. सकाळी टाका, संध्याकाळी घडी घालून परत. पावसाळ्यात मात्र या वायद्यावर जाऊ नका. लुआंग प्रबांगच्या लाँड्रीवाल्या बाईंना मी घड्याळ दाखवलं, तर त्यांनी हसत आभाळाकडे बोट केलं.