छोट्या हत्तीच्या गावात

पुण्याहून नाशिकच्या रस्त्याने सुमारे ७५ किलोमीटर गेले, की मीना नदीकाठचे नारायणगाव लागते. हे विठाबाई नारायणगावकरांचे गाव. जत्रांचे दिवस जवळ आले, की तमाशाची सुपारी ठरवायला गावोगावची मंडळी इथे येतात. जवळच खोडदला ४५ मीटर व्यासाच्या अवाढव्य तबकड्या आकाशातल्या रेडिओलहरी टिपत उभ्या आहेत, तर पश्चिमेला जुन्नरजवळ शिवनेरी. पण हंगामात या गावाची ओळख एकच, ती म्हणजे टोमॅटो.

टोमॅटोबरोबर येते ती छोट्या मालवाहू गाड्यांची रांग. जुन्नर तालुक्यातल्या मळ्यांतून निघालेल्या, प्लास्टिकच्या क्रेटनी भरलेल्या या गाड्या बाजारात शिरतात तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. यातल्या ‘छोटा हत्ती’चा जन्म २००५ सालचा. टाटांनी ‘एस’ नावाची गाडी बाजारात आणली; दोन सिलिंडरचे सुमारे ७०० सीसीचे डिझेल इंजिन आणि पाऊण टन माल वाहण्याची क्षमता. कंपनीचे नाव कागदावर राहिले, लोकांनी ठेवलेले नाव तोंडी बसले. नंतर इतर कंपन्यांच्या पिकअपही आल्या. आज शेतकऱ्याच्या घरचा मुलगा स्वतःच्या मळ्यातला माल आणतो, येताना शेजारच्याचा भरतो आणि त्या भाड्यावर गाडीचा हप्ता फेडतो.

हा हप्ता महिन्याच्या महिन्याला भरावा लागतो. गाडी गॅरेजमध्ये पडून असली म्हणून बँक थांबत नाही आणि तोडलेला टोमॅटोही थांबत नाही. त्यामुळे या गावात गाडी घेताना पहिला प्रश्न असतो, ‘दादा, त्रास तर नाही ना देत?’ आणि दुसरा, ‘वॉरंटी किती?’

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सरळ नसते. वॉरंटी ठरावीक मुदतीची किंवा ठरावीक किलोमीटरची असते. जे आधी संपेल ते खरे. महिन्याला २५ दिवस, रोज १५० किलोमीटर धावणारी गाडी वर्षाला ४५ हजार किलोमीटर कापते. अशा गाडीची वॉरंटी कॅलेंडर संपण्याच्या कितीतरी आधी मीटरवर संपू शकते. शिवाय क्लच प्लेट, ब्रेक लायनर, पट्टे, फिल्टर असे झिजणारे भाग सहसा तिच्यात येत नाहीत. टायर आणि बॅटरीची हमी बहुधा ते बनवणाऱ्या कंपन्यांची वेगळी असते. ‘मोफत सर्व्हिसिंग’ म्हणजे मजुरी माफ. ऑइल आणि फिल्टरचे पैसे बहुतेक वेळा मालकालाच मोजावे लागतात.

सगळ्यात मोठी मेख असते वजनात. टोमॅटोच्या एका क्रेटमध्ये साधारण २० किलो माल बसतो. पाऊण टनाच्या गाडीत हिशेबाने ३७ क्रेट, आणि रिकाम्या क्रेटचे वजन धरले तर त्याहून कमीच. पण फाळक्याच्या वर थर चढवून, दोर आवळून पन्नास-साठ क्रेट भरणारेही असतात. त्यासाठी पाट्याला जादा पाने घालतात, बॉडी उंच करतात. पुढे अॅक्सल किंवा चेसिसला तडा गेला, की सर्व्हिस सेंटरचा माणूस आधी ती जादा पाने मोजतो. हॉर्न किंवा दिव्यांसाठी मूळ वायर कापली असेल तर विजेच्या बिघाडालाही तेच उत्तर मिळते.

जादा वजनाची खरी परीक्षा माळशेज घाटात होते. मुंबईकडे जाणाऱ्या गाड्या जुन्नर सोडून मढवरून घाट उतरतात आणि मुरबाड, कल्याण गाठतात. पावसाळ्यात धुके दाट, रस्ता ओला. जुना ड्रायव्हर वरूनच खालचा गिअर टाकतो आणि ब्रेकला विश्रांती देत उतरतो. नवखा मात्र पाय ब्रेकवरच ठेवतो. लायनर तापून वास येऊ लागतो. इथे वॉरंटीचे पुस्तक कामाला येत नाही. चार क्रेट कमी भरले असते, तर तेच कामाला आले असते.

मग मालकाच्या हाती काय उरते? कागद! प्रत्येक सर्व्हिसिंग वेळेवर करून पुस्तकात शिक्का घ्यावा. गाडी दुरुस्तीला देताना तक्रार आपल्याच शब्दांत जॉबकार्डवर लिहून घ्यावी आणि त्याची प्रत मागावी. एकच बिघाड तीनदा झाला असेल, तर वॉरंटीच्या मुदतीतली ती तीन जॉबकार्डे हाच पुरावा. नुसते तोंडी सांगितलेले पुढे कुणाला आठवत नाही. हे कागद अनेक घरांत गृहिणीच सांभाळते, सातबारा आणि रेशनकार्डाच्याच पेटीत.

एवढे करूनही दाद मिळाली नाही, तर कायदा आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. व्यापारी कारणासाठी वस्तू घेणाऱ्याला तो ग्राहक मानत नाही, म्हणून ‘भाड्याच्या गाडीला ग्राहक कोर्ट नाही’ असे अनेकांना वाटते. ते पुरते खरे नाही. केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू या अपवादात येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच, लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात स्पष्ट केले, की स्वतः चालवून पोट भरण्यासाठी रिक्षा किंवा ट्रक घेणारा ग्राहकच असतो. मदतीला एक-दोन माणसे घेतली म्हणून तो हक्क जात नाही. मात्र गाडी दुसऱ्यांच्याच हाती सोपवली, तर हा आधार राहत नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते आणि ती आपल्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही करता येते.

दुपार टळते. बाजार ओसरतो, रिकामे क्रेट खडखडत गाड्या मळ्यांकडे वळतात. कुणी नदीकाठी गाडी धुतो, तर कुणी चहाच्या टपरीवर उद्याचे भाडे ठरवतो. ‘साठ क्रेट नेशील का?’ असे विचारणारा रोजच भेटतो. ‘भाऊ, दोन खेपा करू,’ असे सांगणाऱ्याला त्या दिवशी डिझेल थोडे जास्त लागते. पण हप्ता फिटेपर्यंत त्याचीच गाडी रस्त्यावर राहण्याची शक्यता जास्त!