जुनं इंजिन मोडतं कसं

पूर्णा गावात जुन्या डिझेल इंजिनाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: पूर्वीचं इंजिन बिघडतच नव्हतं. पूर्णा नदी कंठेश्वरला गोदावरीत मिळते. तिथून वर-खाली दोन्ही काठांनी मोट गेल्यानंतर ज्या पाच-आठ एचपीच्या इंजिनांनी ऊस, केळी आणि रब्बीला पाणी ओढलं, त्यांच्याबद्दलचा हा आदर मला मान्य आहे, हे वाक्य मात्र नाही. ही इंजिनं भरपूर बिघडायची. नोझल चोक व्हायचं, गॅस्केट जळायचं, रिंगा झिजायच्या, फुटव्हॉल्व्ह गळला की पंप पाणी सोडायचा. बिघडतच नसती तर तालुक्या-तालुक्याला इंजिन मिस्त्र्यांची दुकानं चालली कशावर? खरी गोष्ट अशी की जुनं इंजिन बिघडायचं सावकाश, आवाज करत, आधी कल्पना देऊन. आणि बिघाड गावातल्याच हातांनी, गावातल्याच पान्यांनी निघेल एवढाच असायचा. त्याचा भरवसा होता तो या बिघडण्याच्या रीतीवर. लोखंड जाड असणं ही त्यातली एक बाब झाली, सगळी नव्हे.

ही रीत आली कुठून, ते आकड्यांतून बघता येतं. इंग्लंडच्या लिस्टर कंपनीचं १९३० च्या दशकातलं आडदांड एकसिलिंडरी इंजिन आणि राजकोटच्या कारखान्यांनी पुढे कित्येक वर्षं ओतलेली त्याची भावंडं मिनिटाला ६५० फेऱ्यांवर चालतात. म्हणजे तासाला ३९ हजार फेरे. किर्लोस्करचं एव्ही-१ घ्या: ८० मिलिमीटर बोअर, ११० मिलिमीटर स्ट्रोक, १५०० फेरे, म्हणजे तासाला ९० हजार. आता खांद्यावर उचलून नेता येणाऱ्या छोट्या पेट्रोल-केरोसीन पंपाचं इंजिन ३६०० वर पळतं, तासाला २ लाख १६ हजार फेरे. झीज काही नुसत्या फेऱ्यांवर ठरत नाही, धातू आणि तेल यांचाही वाटा असतो. पण जो व्हॉल्व्ह तासाला साडेपाचपट कमी वेळा आपटतो, त्याच्या सीटला तितकी उसंत मिळतेच. शिवाय फोरस्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांत एकदाच जोर मिळतो, मधली वेळ फ्लायव्हीलने भागवायची असते. लिस्टरची जोडचाकं जड, अख्खं इंजिन तीनशे किलोंच्या वर. बैलगाडीत चढवताना ते जिवावर येतं, पण लोड मध्येच वाढला तरी इंजिन मान टाकत नाही. वीज, बॅटरी, स्पार्क यांतलं काहीच लागत नाही. डिकॉम्प्रेशन उचला, हँडल मारा, वेग आला की सोडा. डिझेल, हवा आणि कॉम्प्रेशन जागेवर असेल तर ते सुरू होणारच. न झालं तर या तिघांपैकी एकाचा दोष, म्हणजे शोधायच्या जागाही मोजक्याच.

यावरून जुनी मशीन ओबडधोबड होती म्हणून टिकली असा निष्कर्ष काढला जातो, तो चुकीचा आहे. जुन्या इंजिनाच्या डिझेल पंपातसुद्धा प्लंजर आणि बॅरलमधली फट दोन-तीन मायक्रॉनचीच असते. गोणपाटाने तोंड बांधलेल्या कॅनमधलं डिझेल तिलाही सोसत नाही. फरक पडतो तो पुढे. जुनं नोझल साधारण २०० बार दाबाला उघडतं. मिस्त्रीच्या टेबलावरच्या हातपंपावर ते तपासता येतं, फवारा डोळ्यांनी दिसतो. नव्या कॉमन रेल इंजिनात दाब १६०० बारच्या घरात जातो, फवारा कधी आणि किती हे संगणक ठरवतो. तिथे सेन्सर गेला की इंजिन धड असूनही बंद पडतं. मिस्त्रीच्या कानाला त्यातलं काही ऐकू येत नाही, कारण आवाज करून झिजणारं सेन्सरमध्ये काही नसतं.

आपल्याकडच्या झिजेचं एक कारण मात्र फारसं कुणी मनावर घेत नाही. पंपाच्या डिलिव्हरीतून नळी काढून नदीचं गार पाणी थेट इंजिनात फिरवायचं आणि सोडून द्यायचं, अशी आपली पद्धत. इंजिन जितकं गार तितकं चांगलं, असा समज. प्रत्यक्षात सिलिंडर फार गार राहिला तर डिझेलमधल्या गंधकाचं आणि जळताना झालेल्या वाफेचं मिळून लायनरवर आम्ल बनतं, आणि लायनर घासला जात नाही, खाल्ला जातो. बाहेर पडणारं पाणी हाताला चांगलं कढत लागायला हवं. असा खाल्लेला लायनर रिंगांसकट बदलला की इंजिन पुन्हा उभं राहायचं, आणि मालक म्हणायचा, काय दणकट मशीन आहे! त्याने स्वतःच ते मारलं होतं, हे हिशेबात येतच नसे.

याच संदर्भात बीएस-६ चं डिझेल जुन्या इंजिनांचे डिझेल पंप खातं ही तक्रारही तपासावी. एप्रिल २०२० पासून डिझेलमध्ये गंधक दहा लाखांत दहा भागांवर आलं. गंधक काढताना डिझेलचा वंगणपणा कमी होतो हे खरं, पण म्हणूनच मानकात वंगणपणाची मर्यादा घालून दिलेली आहे आणि त्यासाठी अॅडिटिव्ह मिसळतात. उलट कमी गंधक म्हणजे वर सांगितलेलं आम्लही कमी. प्लंजर गेला तर आधी कॅनच्या तळाशी पाणी साचलंय का ते बघावं.

सगळ्यात वजनदार आक्षेप वेगळाच आहे: जी मोडली ती भंगारात गेली, उरली ती आपण बघतो आणि सगळीच तशी होती असं मानतो. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. राजकोटच्या मालातसुद्धा एक ओतकाम चांगलं तर दुसऱ्यात भोकं, असं असायचंच. पण एखाद्या मॉडेलची इतकी इंजिनं उरतात तेव्हा ती निवडक नशीबवान म्हणून उरत नाहीत, त्यांना पुनःपुन्हा भाग मिळत गेले म्हणून उरतात. रेल्वेच्या गावात हे सांगायला नको. पूर्णा जंक्शनवरून ज्या अॅल्को घराण्याच्या डिझेल लोकोंनी गाड्या ओढल्या, तशी इंजिनं १९६४ पासून वाराणसीत बनत होती. ती दशकानुदशकं चालली, कारण ठरल्या मुदतीला शेडमध्ये उघडली जायची, बिघाडाची वाट न बघता. शेतकऱ्याच्या इंजिनाला ते भाग्य नव्हतं, त्याला मिस्त्री भेटायचा तो बंद पडल्यावरच.

बोटीवर भाग मिळण्याचा हा मुद्दा आणखी उघडा पडतो, कारण तिथे इंजिन थांबलं की प्रवाह थांबत नाही. कोकणातल्या हर्णै-मिरकरवाड्याच्या ट्रॉलरवर अशोक लेलँडचं सहा सिलिंडरचं इंजिन नेहमीचं झालं, यात त्याच कुळाची इंजिनं ट्रकमध्येही असण्याचा वाटा मोठा. खारं पाणी पाइप खातं, पण पिस्टन-बेरिंग महामार्गालगतच्या दुकानात मिळतं. आमच्या गोदावरीत बेकायदा वाळू उपसणाऱ्या बोटींवरही जुनीच इंजिनं असतात, जप्त होऊन नष्ट झाली तरी फार हळहळू नये इतक्या स्वस्तातली. भरवशाचा हाही एक उपयोग, म्हणावा तसा अभिमानाचा नाही.

खर्चाचा आक्षेप अर्धा खरा आहे. पाच एचपीचं धड इंजिन पूर्ण लोडवर तासाला एक ते सव्वा लीटर डिझेल पितं, आणि आजच्या भावाने ते परवडत नाही. पण पिण्याचा सगळा दोष इंजिनाचा नाही. अरुंद फुटव्हॉल्व्ह, नको तितकी वळणं, लहान व्यासाचा पाइप यांतच बरीच ताकद जाते. १९७८ साली स्थापन झालेल्या पीसीआरए या इंधनबचतीच्या सरकारी संस्थेने कमी घर्षणाच्या फुटव्हॉल्व्हचा प्रचार केला तो याचसाठी. धुराचा आक्षेप मात्र पूर्ण खरा. पाणी सात-साडेसात मीटरच्या खाली गेलं की वरून ओढता येत नाही, मग इंजिनच विहिरीत उतरवायचं. तिथे ते न थांबता चालतं आणि कार्बन मोनॉक्साइडने विहीर भरून टाकतं. अशा जागी वीज किंवा सौर पंप हाच पर्याय, यात मला वाद घालायचा नाही.

म्हणून कुणी जुनं इंजिन विकत घ्यायला निघालं की साल विचारण्याआधी त्याने परभणी किंवा नांदेडच्या बाजारात एक चक्कर मारावी. त्या मॉडेलचा लायनर, प्लंजर आणि नोझल चांगल्या बनावटीचं अजून मिळतं का, की नुसतंच डुप्लिकेट येतंय? ते मिळत असेल तर चाळीस वर्षांचं इंजिनही घ्यावं. नसेल, तर हँडल मारल्याबरोबर सुरू झालं तरी वजनाच्या भावाने मागावं.