अंगणाची बाजू

‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण ज्या कोणी प्रथम प्रचारात आणली, त्याने स्वतः कधी पायांत चाळ बांधले नसावेत, असा आमचा फार दिवसांचा संशय आहे. बांधले असते, तर त्याने अंगणाचीही थोडी चौकशी केली असती. या म्हणीत सारा दोष नाचणाऱ्याच्या माथी येतो आणि अंगण साक्षीपुराव्यावाचून निर्दोष सुटते. गेल्या पावसाळ्यात आम्ही नांदेडहून लातुरास बंधूंच्या घरी चार दिवस राहावयास गेलो होतो. तेथे हा जुना खटला आमच्यासमोर पुन्हा चालला. त्यात आम्ही अंगणाविरुद्ध निकाल दिला, आणि तो का दिला हे वाचकांस सांगावेसे वाटते.

खटल्यातील नर्तिका म्हणजे आमची नववीतली पुतणी आणि अंगण म्हणजे एक प्लास्टिकची चटई. ज्या घरांत हा खेळ अद्याप शिरलेला नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द सांगितले पाहिजेत. 1998 साली जपानमधील कोनामी कंपनीने ‘डान्स डान्स रेव्होल्यूशन’ नावाचे यंत्र करमणुकीच्या दुकानांतून मांडले. पडद्यावर गाण्याच्या ठेक्याबरोबर बाण वर चढत जातात. पायाखालीही डावा, उजवा, पुढचा आणि मागचा असे चार बाण असतात. पडद्यावरचा बाण ठरल्या रेषेला भिडला की त्याच क्षणी पायाखालचा त्याच दिशेचा बाण दाबावयाचा, एवढाच खेळ. पुढच्याच वर्षी तो घरगुती यंत्रावर आला. पुढे अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्याने मुलांची स्थूलता कमी व्हावी म्हणून तो शाळांतूनही नेला.

दुकानातून घरात येताना मात्र या खेळाचे एक मोठे नुकसान झाले. दुकानातले पाऊलठाण धातूचे व जड, जागचे न हलणारे, आणि तोल सावरावयास मागे दांडा. घरी आली ती घडी घालून कपाटात ठेवता येईल अशी हलकी चटई. तिच्या पोटात भोके पाडलेला स्पंज असतो व त्याच्या वर-खाली वीजवाहक थर असतात. पाय पडला की वरचा थर भोकातून खालच्या थराला टेकतो आणि यंत्राला खूण पोचते. युक्ती सुरेख खरी, परंतु नाच घरी आला आणि जमीन दुकानातच राहिली!

आता लातुरासारख्या गावी गालिचा कशाला, असे कोणी विचारील. उन्हाळ्यात फरशीवर पाणी शिंपडून निजणारी आम्ही माणसे. लोकरी अंथरुणाची हौस आम्हांस असण्याचे कारण नाही. परंतु बंधूंच्या खालच्या मजल्यावर दोन मुले खोली घेऊन राहतात. खेड्यातून आलेली, वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या तयारीची. ज्या शहराच्या नावाने अभ्यासाचा एक ‘पॅटर्न’च प्रसिद्ध आहे, तेथे रात्री साडेआठ वाजता परक्या मुलाच्या डोक्यावर धबधब नाचणे हा अपराधच होय. म्हणून वहिनींनी आवाज दबावा या हेतूने जाड गालिचा आणून अंथरला. खालच्या मुलांची तक्रार थांबली, आणि वर नवीच सुरू झाली.

चटई सरकू लागली. एक गाणे संपेपर्यंत ती वीतभर पुढे जाई. खेळणारीची दृष्टी पडद्यावर खिळलेली. पाय आपल्या आठवणीने पडत. बाण मात्र तेथून चार बोटे दूर गेलेला. पाऊल बरोबर, वेळ बरोबर, आणि पडद्यावर चूक! मधूनच चटईला सुरकुती पडे व कोणाचा पाय नसताही एखादा बाण दाबला जाई. दिवसाची शाळा, संध्याकाळची शिकवणी आणि रात्रीचा अभ्यास यांच्यामधली अर्ध्या तासाची ही मोकळीक अशा चुकांत सरे. आम्ही पोचलो त्या रात्री पोरीने चटईची घडी घालता घालता सांगितले, “काका, मला ठेकाच नाही.” बंधू म्हणाले, “मग कशाला नादी लागतेस? तेवढा वेळ गणिताला दे.” तिसरे मत वहिनींच्या मातोश्रींचे पडले. “पायाखालचं सरकतंय असलं काही मला घरात नको,” एवढेच त्या बोलल्या.

त्यांच्या या वाक्यावर कोणी हसले नाही. त्या औसा तालुक्यातल्या. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती बोळवून लोक निजले असता, किल्लारीच्या परिसरात जी धरणी हादरली, ती त्यांनी अंगावर घेतलेली आहे. दगडमातीच्या रुंद भिंती आणि माथ्यावर मातीचा जड धाबा अशी त्या भागातली घरे. उन्हाळ्यात तीच गारवा देत, आणि त्या पहाटे तीच माणसांवर कोसळली. हजारो माणसे गेली. ज्यांना पायाखालच्या जमिनीचा भरवसा हे केवळ एक वाक्य वाटते, त्यांनी अशा वृद्धेशी वाद घालू नये.

तेव्हा प्रश्न चटईचा राहिला नाही. पोरीचा स्वतःवरचा विश्वास आणि वृद्धेची धास्ती या दोहोंचा उलगडा त्या गालिच्यावरच होणार होता. आम्ही दुसऱ्या दिवशी उद्योगास लागलो. कोपऱ्यांवर परीक्षेची जाडजूड पुस्तके ठेवून पाहिली. कोपरे राहिले, पण मध्ये सुरकुत्या वाढल्या. चिकटपट्टी लावली, ती गालिच्याची लव तेवढी उपटून मोकळी झाली. फडताळात भांड्यांखाली अंथरावयाची रबरी जाळी घातली. नुसत्या फरशीवर ही जाळी घट्ट धरते, पण गालिच्यावर तिला धरावयास टणक काही मिळेना. शेजारच्या काकूंच्या सल्ल्याने खाली वाकळ घातली, तेव्हा तर चटई पाण्यातल्या होडीसारखी डुलू लागली.

विचार करता कारण उमगले. 1699 साली आमाँतो या फ्रेंच पंडिताने घर्षणाचा नियम मांडला, तो असा की घर्षण भाराच्या प्रमाणात वाढते, पृष्ठाच्या विस्ताराने नव्हे. अर्थात चटई कितीही ऐसपैस असली तरी हलकी ती हलकीच. त्यातून गालिच्याची लव एका बाजूस कललेली असते. पाऊल तिरपे पडले की ती वाकते, उचलले की उभी राहते, आणि दर खेपेस वरच्या वस्तूस थोडे पुढे ढकलते. सहस्र हातांनी पालखी वाहून न्यावी, तशी ती चटई गालिचाच वाहून नेत होता!

निदान झाल्यावर औषध सुताराकडे मिळाले. 12 मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडचा चार फुटी चौकोन, कडा घासून गुळगुळीत केलेल्या, कोपरे गोल. असा तक्ता वजनाने अकरा किलोंच्या आसपास भरतो. चटई त्यावर ताणून केवळ कडेने दुतोंडी चिकटपट्टीने बसविली. बाणांखाली पट्टी घातली नाही, नाही तर स्पंज दबून राहतो. तक्त्याच्या तळाशी चारी कोपऱ्यांवर बारीक आकड्यांची पट्टी लावली. शेतातून परतताना कपड्याला काही फळे जशी बिलगून येतात, त्याच तत्त्वावरची ही पट्टी गालिच्याच्या लवेत रुतते. तक्ता ताठ असल्याने पावलाचा भार एका जागी न राहता सगळ्या लवेवर वाटला जातो, आणि चटईला सुरकुतावयास वाव उरत नाही. गालिचा खाली तसाच असल्याने खालच्या मुलांच्या अभ्यासातही व्यत्यय येत नाही. खेळ संपला की तक्ता कपाटामागे उभा करून ठेवावा, म्हणजे अंधारात कोणाला ठेच लागत नाही.

त्या रात्री पोरगी नाचली. सगळेच बाण साधले असे नाही. परंतु आता जी चूक होई ती तिची स्वतःची होती, आणि स्वतःची चूक माणसाला सुधारता येते. तिसऱ्या गाण्याच्या वेळी ठेका तिच्या पायांत मुरू लागलेला आम्हांला स्पष्ट दिसला. बंधूंनी गणिताचा विषय काढला नाही.

आमच्या मराठवाड्याला ही म्हण फार ऐकावी लागली आहे. येथल्या मुलाला जमत नाही, येथल्या शेतकऱ्याला उद्यम नाही, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. 2016 च्या उन्हाळ्यात याच लातुराला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, हे सांगू लागले की ती सबब ठरते. सबबी असतातच, आणि आळशी माणूस अंगणाला नावे ठेवतो हेही खरे. तथापि दोष देण्यापूर्वी वाकून एकदा अंगण पाहावे, एवढे तरी न्यायाला धरून आहे.

निघण्याच्या आदल्या रात्री वहिनींच्या मातोश्री नातीचा हात धरून तक्त्याजवळ आल्या. श्रावणात सारवलेल्या अंगणात घातलेल्या फुगड्यांची गोष्ट त्यांनी सांगितली. फुगडीत सारा तोल दोघींच्या जुळलेल्या पावलांवर असतो, म्हणून जमीन आधी पायाने चाचपून घ्यावयाची, असे म्हणाल्या. मग हलकेच वर चढून त्यांनी टाच दोनदा आपटली. तक्ता हलला नाही. “आता नाच,” असे नातीला सांगून त्या खाली उतरल्या, आणि खुर्ची ओढून समोर बसल्या.