श्रद्धेची साक्ष आणि श्रद्धेचा अधिकार

गुलामगिरीविरोधी कादंबरीला एक अवघड कामगिरी पार पाडावी लागते. बाजारात वस्तू म्हणून विकला जाणारा जीव माणूस आहे, हे तिला वाचकाला पटवून द्यायचे असते. आणि हा वाचक बहुधा विकणाऱ्यांच्याच समाजातला असतो. हॅरिएट बीचर स्टो यांनी 'अंकल टॉम्स केबिन' (१८५२) या कादंबरीत त्यासाठी श्रद्धेचा आधार घेतला. टॉमची प्रार्थना, त्याचे बायबलवाचन, त्याची क्षमाशीलता ही सारी त्याच्या माणूसपणाची साक्ष म्हणून मांडली जाते. ही साक्ष प्रभावी ठरली, यात शंका नाही. परंतु निवाड्याचा अधिकार मालकांच्या जगाकडेच राहिला.

आज छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या औरंगाबादेत १९७०च्या सुमारास शिकलेल्या आणि पुढे आयुष्यभर इंग्रजी साहित्य शिकविलेल्या एका प्राध्यापकांना या कादंबरीविषयी दीर्घकाळ तिटकारा होता. हे शहरच मुळी गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या मलिक अंबर या हबशाने १६१० मध्ये खडकी या नावाने वसविलेले. परंतु त्यांच्या पिढीला गुलामगिरीचा अर्थ उमगला तो नागसेनवनात. मिलिंद महाविद्यालयाच्या या परिसरात म. ना. वानखेडे यांच्यामुळे अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या साहित्याची चर्चा होऊ लागली होती, गंगाधर पानतावणे यांचे 'अस्मितादर्श' निघत होते आणि नकार हे नव्या लेखनाचे मूल्य ठरत होते. जेम्स बाल्डविन यांनी १९४९ मधील निबंधात स्टो यांच्या भावविवशतेवर कठोर टीका केली होती, आणि 'अंकल टॉम' हे नाव कृष्णवर्णीयांमध्ये शिवीसारखे वापरले जात होते. प्राध्यापकांनाही ती शिवी पटली होती. याचे कारण वाङ्मयीन जितके, तितकेच घरगुती होते: टॉममध्ये त्यांना आपली आजी दिसे.

आजी पंढरपूरला जात असे. १९४७ मध्ये विठ्ठलमंदिर अस्पृश्यांसाठी खुले झाले. त्यापूर्वीच्या वाऱ्यांत ती चोखोबाच्या समाधीपाशी माथा टेकवून मागे फिरे. जो देव दाराबाहेर ठेवतो त्याच्यापुढे हात जोडणे म्हणजे गुलामगिरी अंगी मुरल्याची खूण, असे तरुण नातवाचे मत होते. ते त्याने तिला एकदा बोलूनही दाखविले. ती त्यावर काही बोलली नाही.

निवृत्तीनंतरच्या पुनर्वाचनात त्यांना पूर्वी निसटलेली एक गोष्ट दिसली. कॅसी आणि एमेलीन पळून लपल्या आहेत. त्या कुठे आहेत हे टॉमला ठाऊक आहे. ते सांगण्यास तो नकार देतो आणि मारहाणीत मरतो. शत्रूला क्षमा करणारी श्रद्धा येथे शत्रूला दोन स्त्रिया मिळू देत नाही. मात्र स्टो यांना या नकाराचा पूर्ण अर्थ पेलत नाही. त्यांनी श्रद्धा टॉमला दिली, बंड आणि संशय जॉर्ज हॅरिसला. जणू एका गुलामाच्या अंतःकरणात दोन्ही मावू शकत नाहीत. प्रत्यक्षात १८३१ मध्ये व्हर्जिनियात उठाव करणारा नॅट टर्नर स्वतःच धर्मोपदेशक होता. फ्रेडरिक डग्लस यांनीही १८४५च्या आत्मवृत्तात गुलाममालकांचा ख्रिस्ती धर्म आणि ख्रिस्ताचा धर्म यांत स्पष्ट भेद केला होता. कोणता धर्म आपला, हे येथे पूर्वीचा गुलामच ठरवितो.

मराठीत हा अधिकार महात्मा फुले यांनी बजावला. अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केलेल्या 'गुलामगिरी'त (१८७३) त्यांनी दास्याला आधार देणाऱ्या धर्मकथांची चिकित्सा केली. पण ते केवळ खंडनावर थांबले नाहीत. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त त्यांनी निर्मिकाची कल्पना विस्ताराने मांडली. टोनी मॉरिसन यांच्या 'बिलव्हेड'मधील (१९८७) बेबी सग्ज रानातल्या मोकळ्या जागेत आपल्या माणसांना स्वतःच्या देहावर प्रेम करायला सांगते, आणि पुढे तीच हा उपदेश थांबविते. तिचे श्रद्धा ठेवणे आणि ती सोडणे या दोन्ही कृती तिच्या स्वतःच्या आहेत. त्या कुणापुढे पुरावा म्हणून सादर झालेल्या नाहीत.

हे प्रकरण वाचताना प्राध्यापकांना लहानपणीचे एक दृश्य आठवले. १९५६च्या धर्मांतरानंतर देव्हाऱ्यातले टाक आजीने स्वतः पदरात बांधले आणि नदीच्या डोहात सोडले. घरातल्या पुरुषांचा विचार तोवर पक्का झाला नव्हता. ही हकिकत घरात सर्वांना ठाऊक होती, आणि वर्गात नकाराविषयी बोलताना तिचे उदाहरण त्यांना कधीच सुचले नव्हते. समाधीपाशी जोडलेले हात आणि डोहावर मोकळे झालेले हात एकाच बाईचे होते. पहिल्या कृतीत तिला काय मिळत होते, हे विचारण्यापूर्वीच त्यांनी निकाल दिला होता. आणि विचारायला आता ती नाही.