मंग काय कराचं?

'कॉनन द बार्बेरियन' हा १९८२ सालचा चित्रपट मी इंजिनिअरिंगला असताना पहिल्यांदा पाहिला, मित्राच्या हार्ड डिस्कवरून घेऊन. तलवारी, मांत्रिक, अजस्र साप आणि आर्नोल्ड श्वार्झनेगरचे दंड, एवढ्यासाठीच. नंतर अनेकदा पाहिला तो मात्र शेवटच्या काही मिनिटांसाठी.

गोष्ट सरळ आहे. थुल्सा डूम नावाचा मांत्रिक सरदार कॉननचं गाव उद्ध्वस्त करतो. बाप मारला जातो, आईचं मुंडकं पोराच्या डोळ्यांदेखत उडवलं जातं. पोराला गुलाम करून एका प्रचंड लाकडी चक्राला जुंपतात. बाकीचे एकेक करून नाहीसे होतात. हा एकटाच चक्र फिरवत राहतो आणि फिरवता फिरवता पहिलवान होतो. पुढे आयुष्यात काम एकच, डूमला शोधायचं.

रॉबर्ट ई. हॉवर्डनं १९३२ साली 'वीअर्ड टेल्स' मासिकात कॉनन आणला, तेव्हा हे काही नव्हतं. त्याचा कॉनन लोहाराचा मुलगा, भटक्या, चोर आणि राजासुद्धा. आईबापाच्या खुनाचा सूड ही भर दिग्दर्शक जॉन मिलियसच्या चित्रपटाची. आणि या भरीचा अर्थ शेवटी कळतो. डूम समोर उभा राहून जेम्स अर्ल जोन्सच्या खर्जातल्या आवाजात सांगतो, की तुला मी घडवलं, तुझा खरा बाप मीच. मी गेल्यावर तुझं काय उरेल? कॉनन थबकतो. मग बापाच्या मोडक्या तलवारीनं त्याला मारतो. डूमचे भक्त मशाली विझवून निघून जातात, आणि हा मंदिराच्या पायऱ्यांवर एकटाच बसून राहतो. जल्लोष नाही.

महाभारतातही युद्ध संपल्यावर अख्खं शांतिपर्व आहे, कारण जिंकलेल्या धर्मराजाला राज्यच नकोसं झालेलं असतं.

आमच्या घरात तलवार नव्हती, खटला होता. नागपुरातल्या आजोबांच्या घराच्या वाटणीवरून बाबा आणि काका कोर्टात गेले, तेव्हा मी दुसरीत होतो. आईचं माहेरी जाणं, दिवाळीची खरेदी, माझी सहल, सगळं तारीख बघून ठरायचं. घरात चार शब्द न बोलणारे बाबा आखीव पत्रिका, फेरफार, वारस नोंद यांवर वकिलांशी तासभर वाद घालू लागले. ही चिकाटी, ही जिभेची धार त्यांना काकांनीच दिली, असं आता वाटतं.

१७ वर्षांनी निकाल बाबांच्या बाजूनं लागला. आईनं संत्राबर्फी आणली. बाबांनी एक तुकडा तोंडात टाकला आणि सवयीनं कालनिर्णयासमोर जाऊन उभे राहिले.

"आता तारीख नाही ना," ते म्हणाले. "मंग काय कराचं?"

कॉनन निदान पायरीवरून उठतो आणि मंदिर पेटवून देतो. बाबांच्या फायली कपाटातच आहेत. मागच्या महिन्यात त्यांनी त्या माझ्यापुढे ठेवल्या आणि सगळे कागद नीट स्कॅन करून द्यायला सांगितलं. कशाला, विचारलं.

"तुझ्या काकानं अपील केलं तर?"

त्यांच्या आवाजात काळजी नव्हती. मला तरी ती आशा वाटली.