शेकडा दहा म्हणजे किती?

आम्ही उस्मानपुऱ्यातली माणसं व्याज महिन्यावर बोलतो, कायदा वर्षावर बोलतो. फसगत इथेच होते. ‘शेकडा दहा’ ऐकायला हलके वाटते, पण वर्षाचे ते 120 टक्के! दवाखान्यासाठी 10,000 उचलले, की महिन्याला 1,000 नुसते व्याजात जातात. मुद्दल जागच्या जागी.

महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम 2014 सालचा आहे. त्याच वर्षी ठरलेल्या दराने परवानाधारक सावकाराला बिगरशेती विनातारण कर्जावर वर्षाला 18 टक्केच घेता येतात. म्हणजे त्याच 10,000 वर महिन्याला 150. शिवाय मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. बिनपरवाना सावकारीला 5 वर्षांपर्यंत कैद आहे.

आमच्यापैकी कित्येकांचा गावाकडे जमिनीचा तुकडा आहे. कर्जापोटी त्याचेच खरेदीखत करून घेतात. अवैध सावकाराने अशी घेतलेली जमीन कलम 18 खाली परत मिळू शकते. अर्ज जिल्हा उपनिबंधकाकडे करायचा.

म्हणून आयाबहिणींनो, कोऱ्या कागदावर सही-अंगठा देऊ नका. प्रत्येक हप्त्याची पावती मागा. आणि पैसे उचलण्याआधी घरातल्या शिकत्या लेकराला वर्षाचा हिशेब मांडायला बसवा. आपण त्याला शाळेत घातले ते यासाठीही.