कात्रजहून हिंजवडीला कसं जाता?

गाडी चालवताना घाबरायला होतं, असं सांगत येणाऱ्या माणसाला मी लक्षणं नंतर विचारते, आधी त्याचा रोजचा रस्ता विचारते. कात्रजला राहून हिंजवडीत नोकरी करणारा माणूस साहजिकच बायपास धरणार. नवले पूल, वारजे, चांदणी चौक, बाणेर, वाकड. पण एखादा सांगतो की तो स्वारगेट, शिवाजीनगर, विद्यापीठ, औंध असा जातो. ऑफिसच्या वेळेला विद्यापीठ चौकातून हौसेने कोणी जात नाही. मग मी विचारते, बायपास कधी सोडलात? बहुतेकांना तो दिवस पाठ असतो.

काहींची अडचण आणखी नेमकी असते. एक बाई (इथल्या सगळ्याच रुग्णांचे तपशील मी बदलले आहेत) साताऱ्याला माहेरी स्वतः गाडी घेऊन जायच्या. जाताना खंबाटकीचा घाट चढायचा असे, त्याचं त्यांना काही वाटत नसे. येताना मात्र बोगदा लागे. कात्रजचा जुना बोगदा लहान म्हणून त्या कशाबशा पार करत, खंबाटकीचा त्यांना जमेना. माहेरी पोचल्यापासून त्यांना परतीच्या बोगद्याचेच विचार यायचे, जेवण जायचं नाही. पुढे त्यांनी जाणंच सोडलं आणि भावाला कारण सांगितलं गुडघेदुखीचं.

अशा माणसांना अपघाताची भीती वाटते असं घरच्यांना वाटतं. तसं असतं तर हीच माणसं लक्ष्मी रोडच्या गर्दीत, दोन रिक्षांच्या मधून निर्धास्त स्कूटर काढती का? आकड्यांच्या हिशेबात कारपेक्षा दुचाकी कितीतरी धोक्याची. पण दुचाकी कुठेही बाजूला घेता येते. उड्डाणपूल, बोगदा, द्रुतगती मार्ग, सिग्नलला चारी बाजूंनी अडकलेली गाडी, या सगळ्यांत एकच गोष्ट समान आहे: मनात आलं की लगेच बाहेर पडता येत नाही. अचानक घाबरण्याचा झटका आला आणि निघता आलं नाही तर काय, ही ती भीती.

ही तक्रार मोटारीपेक्षा जुनी आहे. १८७१ साली बर्लिनच्या कार्ल वेस्टफालने अशा तीन पुरुषांची वर्णनं छापली ज्यांना शहरातले मोकळे चौक ओलांडता येत नसत. कोणी सोबत असलं, पुढे एखादी घोडागाडी चालत असली किंवा थोडी वाइन पोटात असली की जमायचं. त्याच वर्षी अमेरिकेत जेकब द कोस्टाने यादवी युद्धातल्या सैनिकांच्या धडधडणाऱ्या छातीवर निबंध लिहिला. तपासणीत हृदयाचा आजार सापडत नव्हता. एकाने रस्ता पाहिला, दुसऱ्याने छाती. दोन्ही एकाच दुखण्याची अंगं असू शकतात हे मान्य व्हायला शंभर वर्षं गेली. ‘पॅनिक डिसऑर्डर’ हे निदान अमेरिकेच्या अधिकृत यादीत आलं १९८० मध्ये.

झटक्यात शरीरात काय होतं ते मी कागदावर आकृती काढून समजावते, कारण निम्मा उपचार तिथेच होतो. मेंदू धोक्याची घंटा वाजवतो, अॅड्रिनलिन सुटतं, हृदय जोरात धावायला लागतं, श्वास भराभर होतो. पळायचं किंवा लढायचं असतं तर हे सगळं उपयोगी पडलं असतं, पण माणूस सीटबेल्ट लावून बसलेला. गरजेपेक्षा जास्त श्वास घेतल्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या काहीशा आकुंचन पावतात आणि डोकं हलकं होतं. ओठांना, बोटांना मुंग्या येतात. गंमत अशी, की हवा भरपूर आत जात असताना माणसाला वाटतं की श्वासच पुरत नाही, म्हणून तो आणखी जोरात घेतो. ऑक्सफर्डच्या डेव्हिड क्लार्कने १९८६ मध्ये या चक्राची जी मांडणी केली ती आजही आमच्या उपचारांचा पाया आहे. मुंग्यांचा अर्थ ‘पक्षाघात’, धडधडीचा अर्थ ‘हार्ट अॅटॅक’ असा लावला की भीती वाढते, आणि भीतीने मुंग्या, धडधड वाढतात.

‘मी स्टेअरिंगवर बेशुद्ध पडेन आणि कोणाला तरी उडवेन,’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडी असतं. शुद्ध हरपते ती रक्तदाब एकदम उतरला की. पॅनिकमध्ये तो चढतो. अंधारी आल्यासारखं वाटतं, पण त्यातून बेशुद्ध पडणं विरळा. झटका साधारण दहा मिनिटांत शिखर गाठतो आणि ओसरू लागतो, कारण शरीर त्या पातळीवर फार वेळ टिकूच शकत नाही.

मात्र प्रत्येक धडधड पॅनिकच असते असं कोणी समजू नये. चाळिशी ओलांडलेल्या माणसाच्या छातीत पहिल्यांदाच दुखतंय, घाम फुटलाय, तर गाडी थांबवून १०८ला फोन करावा; माझा लेख आठवत बसू नये. इन्सुलिन घेणाऱ्याची साखर उतरली तरी असंच घाबरंघुबरं होतं. हृदयाच्या लयीचा एक बिघाड बटण दाबल्यासारखा सुरू होतो आणि तसाच थांबतो; तो पकडायला ईसीजी झटका चालू असतानाच काढावा लागतो. थायरॉइड, हिमोग्लोबिन बघावंच. खरोखर शुद्ध हरपली असेल तर उलगडा होईपर्यंत गाडी बंद. या तपासण्या एकदा नीट कराव्यात. दर महिन्याला नवा ईसीजी काढणं हा मात्र आजाराचाच भाग.

आता प्रत्यक्ष चाकामागे. झटका सुरू झाला की ब्रेक दाबू नका, लेन बदलायची घाई करू नका. स्टेअरिंगवरची पकड थोडी सैल करा, खांदे खाली सोडा, नजर बॉनेटवरून उचलून लांबच्या रस्त्यावर न्या. श्वास खोल घेऊ नका, ‘डीप ब्रीदिंग’ करा हा सल्ला इथे उलटा पडतो. नाकाने साधा घ्या आणि सावकाश सोडा. हे सगळं करून झटका तिथल्या तिथे थांबेल अशी अपेक्षा नको. तो आला आहे, आपल्या वेळेने जाईल, तोवर गाडी चालवायची. ते अशक्यच वाटलं तर इंडिकेटर देऊन डावीकडे या, पुढच्या पेट्रोल पंपावर किंवा सर्व्हिस रोडला थांबा. धडधड ओसरली की निघा, पण पुढेच. तिथून घरी वळलात तर मेंदू एवढंच शिकतो की परत फिरलो म्हणून वाचलो. गल्लीतलं कुत्रं स्कूटर पळवली की हमखास मागे लागतं, तसंच हे.

परत फिरणं निदान डोळ्यांना दिसतं. सावधगिरीची चोरटी रूपं शोधायला मला वेळ लागतो. दाराच्या कप्प्यात पाण्याची बाटली, पाकिटात अल्प्राझोलामची गोळी, कायम डावी लेन, एसी पूर्ण, बायकोचा फोन ब्लूटूथवर सतत चालू. प्रवास सुखरूप झाला की श्रेय बाटलीला जातं. रस्ता मुळातच पार करण्याजोगा होता हे कधी कळतच नाही. वेस्टफालच्या रुग्णांची घोडागाडी ती हीच. रामरक्षा म्हणण्याला माझी हरकत नाही. ती म्हटल्याशिवाय चावी फिरत नसेल तर आहे.

म्हणून उपचारात आम्ही ही सावधगिरी एकेक करून काढतो. आधी दवाखान्यात मुद्दाम लक्षणं आणतो: फिरत्या खुर्चीत गरगर फिरणं, स्ट्रॉमधून श्वास घेणं, जिना धावत चढणं. चक्कर येते, धडधडतं आणि काहीही होत नाही, हे अंगाला कळावं लागतं. मग रस्ता. रविवारी पहाटे वारजे ते चांदणी चौक, पुन्हा, पुन्हा, नंतर बाणेरपर्यंत, नंतर आठवड्यातली संध्याकाळ. चांदणी चौकातले रॅम्प मी सुरुवातीला गाळते. ऑगस्ट २०२३ मध्ये नवा उड्डाणपूल खुला झाला तेव्हापासून तिथल्या रॅम्पवर धडधाकट माणसालाही घाम फुटतो. चुकीच्या रस्त्याला लागणं हा वेगळा त्रास आहे, तो या आजाराच्या खात्यात मांडू नये.

औषधांबद्दल थोडक्यात. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन यांसारखी औषधं लहान मात्रेत सुरू करतात. पहिल्या काही दिवसांत अस्वस्थता थोडी वाढूही शकते आणि फरक दिसायला काही आठवडे लागतात. हे आधी सांगितलं नाही की माणूस आठवड्यातच गोळी सोडतो. अल्प्राझोलाम झटपट काम करतं, पण त्याने झोप येते, प्रतिक्रिया मंदावते आणि सवय लागते. निघण्यापूर्वी अर्धी गोळी घेऊन द्रुतगती मार्गाला लागणारा माणूस खरोखर धोकादायक चालक असतो. झटका आलेला माणूस सहसा तसा नसतो. तो इतका सावध असतो की आरसे पुन्हा पुन्हा बघतो.

नवले पुलाबद्दल मला नेहमी विचारतात. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून पुलापर्यंतच्या लांब उतारावर अवजड वाहनांचे ब्रेक निकामी होतात, काही चालक डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये टाकतात. २० नोव्हेंबर २०२२च्या रात्री एका वाहनाने तिथे डझनावारी गाड्या चिरडत नेल्या. तिथे आरशात मागचा कंटेनर बघणं, त्याला वाट देणं, अंतर राखणं हा शहाणपणा आहे आणि तो मी कोणाचा घालवणार नाही. प्रत्यक्ष अपघातात सापडलेल्या माणसाला तो आवाज, तो प्रकाश पुन्हा पुन्हा आठवत असेल, स्वप्नात येत असेल, तर तो आघाताचा आजार आहे, त्याचा उपचार वेगळा. पण नवले पुलाच्या नावाखाली बाणेरचा सपाट पूलही सोडलेला असतो, तेव्हा मी पुन्हा नकाशा काढते.

माझ्यापर्यंत यायचं नसेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

सरावाच्या काळात शेजारच्या सीटवर बसणाऱ्यालाही मी दवाखान्यात बोलावते. ‘अगं, काही होत नाही’, ‘अहो, श्वास घ्या ना’, ‘थांबायचं का?’ ही तिन्ही वाक्यं बंद. दर पाच मिनिटांनी चेहऱ्याकडे बघणं बंद. बोलायचंच तर नेहमीचं बोला, भाजी काय आणायची, मुलाची फी कधी भरायची. जमायला लागलं की मागच्या सीटवर बसा. त्यानंतर दुसऱ्या गाडीतून मागोमाग या. मग घरी थांबा, आणि पोचल्याचा फोन मागू नका.